तिरक्या ठिगळांची गोधडी

अंबरनाथचे शिवमंदिर पाहायला गेलात तर एकदा त्याच्या कोपऱ्यात उभे राहून पाहा. समोरून पाहिले की नजर मूर्तींत अडकते. कोपऱ्यातून भिंतीची घडण दिसते. सलग सरळ भिंत अशी नाहीच. एक कोन पुढे येतो, त्याच्या पुढे दुसरा, अशी ती पायरीपायरीने सरकत जाते. त्या कोनांची टोके डोळ्यांनी जोडली की एक तिरकी रेघ तयार होते. मला ही रेघ मंदिरात दिसली त्याच्या कितीतरी आधी आमच्या घरातल्या गोधडीवर दिसली होती.

मंदिराचा इतिहास आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे, कारण तिथे शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा छित्तराजाने आरंभलेले काम मुम्मुणीच्या काळात पूर्णत्वास गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा शक आधी ७८२ असा वाचला होता. पुढे तो ९८२ असल्याचे सिद्ध झाले. दगडावर कोरलेले होते म्हणून चूक दुरुस्त करता आली. गोधडीवर कोणी शक लिहीत नाही. ती वापरली जाते, विरते आणि दुसऱ्या गोधडीच्या पोटात जाते. म्हणून तिचा इतिहास तिच्या शिवणीतच शोधावा लागतो.

आमच्याकडची मूळ गोधडी, कोणी तिला वाकळ म्हणतात, ती साधी. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, वर ठिगळे मांडायची आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचे. ठिगळे सरळ, उभी-आडवी. माझ्या आजीने आयुष्यभर तशाच गोधड्या शिवल्या. तिरका चौकोन आमच्या घरात आला तो शेजारून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी मोठी छावणी उभारली होती. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधमधून आलेले एक लाखाच्या आसपास निर्वासित राहू लागले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. पुढे काही कुटुंबे अंबरनाथला आली, त्यांपैकी एक आमच्या शेजारी. आम्ही मुले त्यांना मावशी म्हणत असू. मावशींच्या ट्रंकेत सिंधहून आणलेली एक रल्ली होती. सिंधीत ‘रलणु’ म्हणजे मिसळणे, एकत्र होणे. तऱ्हेतऱ्हेच्या कापडांचे चौकोन आणि त्रिकोण आधी एकमेकांना जोडून वरचा पदर तयार करायचा, मग तो थरांवर ठेवून टाके घालायचे, अशी तिची रीत. त्या रल्लीतले चौकोन टोकावर उभे केलेले होते, पतंगासारखे.

आईला ती फार आवडली. तिने तशीच एक शिवायला घेतली. कापड घरातलेच : आजीची विरलेली नऊवारी, वडिलांचा कारखान्यातला खाकी गणवेश, आमच्या टेरिकॉटच्या शर्टांचे तुकडे. चौकोन नीट जमले, पण कडेचे त्रिकोण लावल्यावर गोधडी जमिनीवर बसेचना. चारी कडा झालरीसारख्या लहरल्या. आई रडकुंडीला आली. मावशींनी त्रिकोण हातात घेऊन ताणून पाहिला आणि म्हणाल्या, “बाई, किनारेला सीधा धागा पाहिजे. बीच में टेढा चालेल.”

सगळी विद्या या एका वाक्यात आहे. कापड उभ्या वा आडव्या धाग्यावर ओढले तर फारसे ताणत नाही. कोनातून कोनाकडे ओढले तर ताणते. शिंपी याला उरेब म्हणतात. चौकोन तिरका ठेवला की गोधडीच्या लांबी-रुंदीला उरेब येतो. तो मध्ये खपतो, कारण चारी बाजूंचे शेजारी त्याला धरून असतात. कडेला मात्र धरणारे कोणी नसते. म्हणून कडेचे त्रिकोण करताना मोठा चौकोन दोन्ही कर्णांवर कापून चार तुकडे करायचे. मग सरळ धागा लांब बाजूवर, म्हणजे गोधडीच्या कडेवर येतो. कोपऱ्याचे त्रिकोण मात्र लहान चौकोन एकाच कर्णावर कापून. आईने सगळेच त्रिकोण एका कर्णावर कापले होते.

मांडणीचाही हिशेब आहे. शिवून १० इंच उरणारा चौकोन तिरका ठेवला की त्याची रुंदी १४ इंचांहून जरा जास्त होते. आडवे चार आणि उभे सहा चौकोन घेतले, तर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागांत आणखी पंधरा बसतात, एकूण ३९. गोधडी साधारण ५७ बाय ८५ इंचांची होते. जोडायचे मात्र तिरक्या ओळींत : एक, तीन, पाच, सात, सात, सात, पाच, तीन, एक. कडेला १६ त्रिकोण, कोपऱ्यांत चार. शिलाईची जागा धरून चौकोन साडेदहा इंचांचे कापायचे, कडेच्या त्रिकोणांसाठी साडेपंधरा इंचांचे चार आणि कोपऱ्यांसाठी आठ इंचांचे दोन.

कापडे मिसळतानाही मावशींचे नियम होते. कोरे सुती कापड आधी धुवायचे, कारण ते आटते आणि टेरिकॉट आटत नाही. न धुता जोडले तर पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. विरलेल्या लुगड्याच्या दोन्ही बाजूंना खाकी लावायची नाही. जाड कापड पातळाला ओढून फाडते. गडद तुकडे एका जागी साठू द्यायचे नाहीत. सगळे आधी जमिनीवर मांडायचे, रात्रभर तसेच ठेवायचे आणि सकाळी पाहून मगच सुई हातात घ्यायची.

पुढे वाचनात आले, की चौकोनाच्या कर्णावर काढलेल्या चौकोनाचे क्षेत्र दुप्पट होते, हे ख्रिस्तपूर्व काळातल्या बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या संदर्भात सांगितले आहे. जुन्या मंदिरांच्या छतांत चार कोपऱ्यांवर त्रिकोणी शिळा टाकून आत तिरका चौकोन घेतात, त्यामागेही हेच गणित. वेदी रचणाऱ्याला ते दोरीने कळले, पाथरवटाला सूत्राने आणि मावशींना कापडाने. मावशींना लिहिता येत नव्हते. शिलालेखात राजाचे नाव राहिले, अधिकाऱ्यांची राहिली. ज्यांनी हा हिशेब बोटांवर सांभाळला त्या बायकांची कुठेच नाहीत. आपण त्याला ‘बायकांचे भरतकाम’ म्हणून गणिताच्या बाहेर ठेवले.

आईने कडा उसवून पुन्हा लावली. पुढे काही वर्षांनी मावशींची रल्ली मधोमध फाटली. सिंधचे कापड कुठून आणणार? आईने आजीच्या शेवटच्या लुगड्यातून चौकोन कापून दिले आणि दोघींनी मिळून ते बसवले. मावशींच्या हयातीनंतर ती रल्ली त्यांच्या मुलीकडे गेली. तिच्या कडा सिंधच्या आहेत आणि पोटात आमची आजी आहे.

आमची गोधडी माझ्याकडे आहे. खाकी अजून टिकून आहे, लुगडे विरत चालले आहे. ते बदलायला हवे. घरात तुमच्याही अशी एखादी गोधडी असेल तर ती टाकून देण्याआधी एकदा उन्हात पसरा, कोणता तुकडा कोणाचा ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. तिच्यासाठी शिलालेख कोरायला दुसरे कोणी येणार नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)