पन्हळ आणि बाक : हॉकीच्या स्केटची घडण

आइस हॉकीच्या स्केटचे पाते जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते. ते सुरीसारखे धारदार असावे असा अनेकांचा समज असतो. पण स्केट उलटा धरून पाहिला तर तिथे एक धार नसते, दोन कडा असतात आणि त्यांच्यामधून टाचेपासून चवड्यापर्यंत एक उथळ पन्हळ गेलेली असते. आडवे धरून डोळ्यासमोर आणले तर दुसरी गोष्ट लक्षात येते: पाते सरळ नाही, होडीच्या तळासारखा त्याला किंचित बाक आहे. पन्हळीवर पकड अवलंबून असते, बाकावर वळणे. खेळाडूचा तोल या दोहोंच्या मेळावर उभा असतो, आणि हा मेळ साधण्याची विद्या पात्याच्या मानाने बरीच अलीकडची आहे.

सर्वांत जुन्या स्केटना कडाच नव्हत्या. उत्तर युरोपातल्या उत्खननांत घोड्यांच्या आणि गुरांच्या पायांच्या हाडांचे स्केट ढिगांनी मिळाले आहेत. स्वीडनमधले बिर्का आणि इंग्लंडमधले यॉर्क ही त्यांपैकी नावाजलेली ठिकाणे. हाडाची एक बाजू घासून सपाट करायची, जमल्यास टोकाला भोक पाडून वादी ओवायची, की स्केट तयार. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन याने लंडनचे वर्णन लिहिले, त्यात शहराच्या उत्तरेकडची गोठलेली दलदल आणि तिच्यावर घसरत जाणारी तरुण मुले आहेत. पायांखाली हाडे बांधलेली आणि हातात लोखंडी टोकाच्या काठ्या. या काठ्या हौसेच्या नव्हत्या. हाडाच्या गुळगुळीत तळाने बर्फ पकडला जात नाही; पायाने रेटा द्यायला जावे तर पायच मागे सटकतो. म्हणून पाय बर्फावर ठेवून होडी वल्हवावी तसे काठीने स्वतःला ढकलत जायचे.

काठी हातातून सुटली ती नेदरलँड्सच्या कालव्यांवर. तेराव्या-चौदाव्या शतकांत तिथे लाकडी तळव्यात बसवलेली लोखंडी पाती वापरात आली. लोखंडाला कड काढता येते, आणि कड बर्फात रुतली की पाय तिरका करून बाजूला रेटा देता येतो. एक पाय रेटतो, दुसरा घसरतो, मग अदलाबदल. शिडॅम गावची लिडविना ही मुलगी १३९५ च्या हिवाळ्यात बर्फावर पडली, तिची बरगडी मोडली आणि ती जन्मभर अंथरुणाला खिळली. पुढे तिला संतपद मिळाले. तिच्या चरित्राच्या १४९८ च्या आवृत्तीत त्या पडण्याचे लाकडी ठशाचे चित्र आहे. धार्मिक वाचकाचे लक्ष लिडविनाकडे जाते. स्केटच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र मागे दूरवर दिसणाऱ्या माणसाकडे जाते. तो एका पायावर झुकून, दुसरा मागे टाकून, हात मोकळे सोडून चालला आहे. म्हणजे कडेवर तोलण्याचे तंत्र तोवर अंगवळणी पडले होते.

पुढची साडेतीन-चार शतके अडचण पात्याची नव्हती, ते पायाला घट्ट बसवण्याची होती. वाद्या सैल पडत, लाकूड भिजून फुगे, पाते टाचेखालून एका बाजूला सरके. पाते पायाखाली जागेवर राहत नसेल तर त्याची घडण कितीही सुधारली तरी उपयोग शून्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत लाकूड काढून टाकून संपूर्ण पोलादी, चिमट्याने बुटाला धरणारे स्केट निघाले. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात, हॅलिफॅक्सच्या बंदरासमोर डार्टमथ नावाचे गाव आहे. तिथल्या स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा आरंभ १८६१ मध्ये खिळ्यांच्या कारखान्याने झाला. तिथे जॉन फोर्ब्स याने १८६० च्या दशकात 'अ‍ॅक्मी' नावाचा स्केट घडवला. एक तरफ दाबली की तो बुटाच्या तळाला गच्च बसे. वादी नको, स्क्रू नको. खिळे करणाऱ्या कारखान्याने जगभर स्केट विकावेत, ही कॅनडाच्या उद्योगातली गमतीदार गोष्ट आहे.

हॉकीचा खेळ याच सुमारास बंदिस्त रिंकमध्ये शिरला. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये प्रत्येकी नऊ खेळाडूंचा सामना झाला. तो जमवणारा जेम्स क्रेटन मूळचा हॅलिफॅक्सचा. भिंतींनी घेरलेल्या जागेत कालव्यावरचे लांब, सरळ पाते अडचणीचे ठरते. कालव्यावर मैलोन्‌मैल नाकासमोर जायचे असते. रिंकमध्ये दर दोन-चार सेकंदांना वळायचे, थबकायचे, उलटे फिरायचे असते. म्हणून हॉकीचे पाते आखूड झाले आणि पुढचे-मागचे टोक गोल उचलले गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी धंदा सायकलवाल्यांच्या हाती गेला. कॅनडा सायकल अँड मोटर, म्हणजे सीसीएम, ही कंपनी १८९९ मध्ये सायकल कारखान्यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली आणि सायकलींची लाट ओसरल्यावर १९०५ पासून स्केट करू लागली. पोकळ नळीच्या खाली पातळ पोलादी पाते बसवायचे, हा त्या काळचा साचा. सायकलच्या सांगाड्याशी त्याचे नाते उघड आहे. बूट आणि पाते मात्र बराच काळ वेगवेगळे विकत घ्यावे लागत. मॅनिटोबातल्या ब्रँडनचा जॉर्ज टॅकबेरी हा चर्मकार कांगारूच्या कातड्याचे बूट शिवून खेळाडूंमध्ये प्रसिद्ध झाला. सीसीएमने पुढे ते नाव विकत घेतले आणि 'टॅक्स' म्हणून आजही चालवले आहे. १९३३ मध्ये ऑन्टारिओतल्या किचनर इथल्या बाउअर कुटुंबाच्या जोड्यांच्या कारखान्याने पाते कायमचे जडवलेला बूट बाजारात आणला. पाते बुटाखाली नक्की कुठे बसवायचे, हा निर्णय तेव्हापासून खेळाडूऐवजी कारखान्याचा झाला.

पन्हळीची कल्पना याहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पन्हळी पाती वापरात होती आणि त्यांच्याविषयी कुरकुरही होती, कारण खोल पन्हळीत बर्फाचा चुरा दडपून बसे आणि कडाच निकामी होत. हॉकीने पन्हळ उथळ आणि नेमक्या मापाची केली. यासाठी पूर्वी पकडीत अडकवलेल्या स्केटवर गोल कानस फिरवत. नंतर घासचाक आले, आणि रिंकच्या कोपऱ्यातली धार लावण्याची खोली ही खेळाची अटळ जागा झाली.

त्या खोलीतले काम असे चालते. चाक आडवे फिरते. आधी चाकाच्याच कडेला आकार द्यायचा. एका फिरत्या दांड्याच्या टोकाला हिऱ्याचा कण बसवलेला असतो. दांडा अर्धगोल झुलवला की चाकाची कड त्या त्रिज्येने गोल होते. जुनी पन्हळ पुसून पाते सपाट केले जाते, मग ते पकडीत आवळून गोल केलेल्या चाकासमोरून एका दमात, सारख्या वेगाने ओढायचे. ठिणग्यांची शेपटी मागे पडते. शेवटी कडेवर उभी राहिलेली पोलादाची कुसे बारीक दगडाने हलकेच उतरवायची. मग परीक्षा: कडेवरून नख आडवे ओढले तर नखाचा भुगा निघायला हवा, आणि दोन्ही कडांवर आडवी ठेवलेली पट्टी पात्याशी काटकोनात दिसायला हवी. पट्टी केसभर जरी कलली तरी एक कड उंच राहिली असे समजावे. असा स्केट एका बाजूच्या वळणावर घट्ट धरतो आणि दुसऱ्या बाजूला दगा देतो. खेळाडू बिचारा आपल्या गुडघ्याला दोष देत राहतो.

पन्हळीचे माप तिच्या वर्तुळाच्या त्रिज्येत, इंचांत सांगतात. अर्धा इंच हे सर्वसाधारण माप. ३ मिलिमीटरच्या पात्यावर अर्ध्या इंचाच्या त्रिज्येची पन्हळ मधोमध किती खोल होते याचा हिशेब केला तर उत्तर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास येते, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीइतके. तीन-अष्टमांश इंच घेतला तर ०.१२, आणि पुरा एक इंच घेतला तर ०.०४. एवढ्याशा फरकावर खेळाडू हटून बसतात आणि त्यांचा हट्ट खरा असतो. त्रिज्या लहान, तर पन्हळ खोल, कड टोकदार, पकड पक्की. पण थांबताना पाते बर्फात अडकते आणि सरळ धावण्यात वेग मरतो. त्रिज्या मोठी, तर घसरण छान, पण तीव्र वळणावर पाय सुटतो. हलक्या अंगाच्या खेळाडूला कड रुतवायला वजन कमी पडते, म्हणून त्याला खोल पन्हळ सोसते. भारी माणसाला उथळ पुरते. बर्फ फार थंड आणि कडक असेल तर पन्हळ थोडी खोल घेतात. २००० नंतर पन्हळीचा तळ सपाट ठेवून कडांशी तिरपे उतार देण्याची रीतही निघाली. घसरण न गमावता पकड मिळावी, हा तिचा हेतू.

पाते बर्फावर घसरतेच का, याचे उत्तर बरीच वर्षे चुकीचे दिले गेले. डब्लिनच्या जॉन जोली याने १८८६ मध्ये मांडले की कडेखालच्या प्रचंड दाबाने बर्फ वितळतो आणि पाण्याच्या थरावरून स्केट जातो. भारतातल्या शालेय पुस्तकांतही हेच स्पष्टीकरण मुलांनी पाठ केले आहे. पण जोलीच्या स्वतःच्या हिशेबाने वितळणबिंदू साडेतीन अंशांच्या आसपासच खाली येतो, आणि हॉकीचा बर्फ उणे ५ अंशांहून थंड असतो. १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी प्रयोग करून घर्षणाच्या उष्णतेला मोठे श्रेय दिले. बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच एक अर्धवट द्रव थर असतो ही फॅराडेची १८५० ची सूचनाही पुढे खरी ठरली. धार लावणाऱ्या कारागिराला यातले काही ठाऊक असण्याची गरज पडली नाही.

बाकाचे माप फुटांत असते. ९ फूट त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा म्हणजे चपळ, तुरतुरे पाते. १३ फूट म्हणजे लांब टेकणारे, स्थिर पाते. कड बर्फात दशांश मिलिमीटर रुतली असे धरले तर पहिल्याची सुमारे ४.७ सेंटिमीटर लांबी टेकते आणि दुसऱ्याची ५.६. उरलेले पाते हवेतच असते. त्यामुळे आक्रमणात खेळणारे लहान त्रिज्येकडे झुकत आणि उलटे घसरत बचाव करणारे मोठ्या त्रिज्येकडे. गोलरक्षकाचे पाते निराळेच: जाडी ४ मिलिमीटरच्या घरात आणि बाक इतका कमी की ते जवळपास सपाटच वाटते, कारण त्याला वळण्यापेक्षा आडवे सरकायचे असते. पूर्वी अख्ख्या पात्याला एकच त्रिज्या देत. आता चवड्याखाली लहान, मध्ये मोठी आणि टाचेखाली आणखी वेगळी, अशा दोन-तीन त्रिज्या एकमेकींत मिसळून देतात. त्यासाठी धातूच्या साच्यावरून चालणारे यंत्र लागते, कारण नुसत्या हाताने हे साधत नाही. उलट, हाताची चूक बाक बिघडवायला पुरेशी असते. घाईने ओढणारा कारागीर टोकाशी अंमळ जास्त रेंगाळतो, आणि पाच-पंचवीस वेळा धार लागली की चवडा व टाच झिजून बाक नकळत बदललेला असतो.

बाकाचा सर्वांत खालचा बिंदू कुठे येतो, हेही पाहावे लागते. तो पात्याच्या मध्याच्या मागे नेला तर वजन टाचेकडे बसते. पुढे नेला तर चवड्याकडे. टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक हा आणखी एक धागा. टाच किंचित वर असली तर गुडघे वाकतात आणि अंग पुढे झुकते, जे धावायला बरे. पण अति झाले तर खेळाडू सारखा नाकावर पडू पाहतो. हा फरक साधायला बूट आणि पाते धरणारे घरटे यांच्यामध्ये पातळ पाचरी घालतात.

हे सारे करता येऊ लागले ते प्लॅस्टिकमुळे. १९७० च्या दशकात नळीची जागा प्लॅस्टिकच्या घरट्याने घेतली. 'टूक' हे त्यातले गाजलेले नाव. स्केट हलका झाला, मागचे टोकदार पोलाद गेले, आणि झिजलेले पाते काढून दुसरे घालण्याची सोय झाली. झिजलेले पाते बदलण्याला एक ठोस कारण आहे. दर धारेला पोलाद उतरते आणि पाते बुटके होते. मग खोल वळणात पाय कलला की प्लॅस्टिकची बाजूच बर्फाला टेकते, कड सुटते आणि माणूस आडवा होतो.

भारतात हा खेळ लडाखच्या गोठलेल्या तळ्यांवर रुजला. तिथल्या लष्करी जवानांनी आणि गावकऱ्यांनी आरंभी साध्या लष्करी बुटांनाच पोलादी पाती जोडून स्केट बनवले. पन्हळ, बाक, पाचर यांचा विचार दूरच, पाते पायाखाली टिकले तरी पुष्कळ होते. १९८९ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला.

व्यावसायिक संघांत आता खेळाडूगणिक मापांची नोंद ठेवली जाते. २०१० च्या दशकात घरट्याच्या मागच्या बाजूला खटका आला. तो दाबून सामन्याच्या मध्येच, बाकड्यावर बसल्या बसल्या, कड मोडलेले पाते काही सेकंदांत बदलता येते. त्याच दशकात पेटीएवढी स्वयंचलित यंत्रेही निघाली. स्केट आत ठेवून झाकण लावले की चाक आपोआप ठरलेल्या त्रिज्येची पन्हळ पाडते. हौशी खेळाडूंच्या घरी त्यामुळे धार लागू लागली आहे. पण एक काम अजून हातानेच होते. ज्याचा घोटा आत किंवा बाहेर कलतो, त्याच्या बुटाचे रिवेट उपटून, घरटे दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवून, नवी भोके पाडून ते पुन्हा ठोकावे लागते. आधी पाय बुटात घालून खेळाडूला सपाट जमिनीवर उभे करतात, गुडघ्याच्या मध्यापासून ओळंबा सोडतात आणि तो पात्यापासून किती ढळतो ते खडूने बुटावर मांडतात.