हंड्यातील थर

जमिनीत पुरलेल्या धनाची ओढ माणसाला फार जुनी. पूर्वी त्यासाठी पायाळू माणूस गाठून त्याच्या डोळ्यांत अंजन घालीत. आता धातुशोधक यंत्र हाती आले आहे.

हे यंत्र चालविणे अवघड नाही. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातील उलटसुलट वाहणाऱ्या विजेमुळे बदलते चुंबकक्षेत्र निर्माण होते; जवळ धातू असला की त्यात सूक्ष्म प्रवाह उठतात आणि ते ओळखून यंत्र आवाज देते. वेटोळे जमिनीलगत, समांतर धरून सावकाश फिरवावे. आधी आपणच एखादे नाणे व एखादा खिळा पुरून दोहोंच्या आवाजांतील भेद कानाला शिकवावा. परंतु आवाज आल्यावर हात कोठे आवरावा, ही खरी विद्या होय, असे आम्हांस वाटते.

इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ एप्रिल २०१० मध्ये एका हौशी शोधकाला शेतात रोमन नाणी लागली. मडके दिसू लागताच त्याने खणणे थांबविले आणि पुरातत्त्वज्ञांना कळविले. आत ५२,५०३ नाणी निघाली. वजन सुमारे १६० किलो. तज्ज्ञांनी ती थराथराने काढून प्रत्येक थर वेगळा ठेवला. त्यांत इ. स. २८६ ते २९३ या काळात ब्रिटनवर सत्ता गाजविणाऱ्या कॅरॉशियसची ७५० हून अधिक नाणी होती. हंडा वर्षानुवर्षे भरत गेला असता, तर ही उशिराची नाणी वर सापडली असती. ती बहुतेक निम्म्याहून खाली होती! म्हणजे सारा ठेवा एकदमच ओतला गेला असावा. नाणी पोत्यात भरून नेली असती, तर चांदीतांबे तेवढेच राहिले असते. ही साक्ष मात्र कायमची बुडाली असती.

आपल्याकडे १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीस, यंत्रावाचून, नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उमटविला होता. पराभूताचे चलन जेत्याने केवढ्या प्रमाणावर आपलेसे केले, हे सारा ठेवा मोजला गेला म्हणूनच कळले. चारदोन नाण्यांवरून ते कळते ना.

१० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे आपला १८७८ चा कायदा सांगतो. त्याकडे केवळ सरकारी जाच म्हणून पाहू नये. येथे धातू आहे, एवढेच यंत्र सांगते. तो कोणी, केव्हा आणि कसा पुरला, हे भोवतालच्या मातीला विचारावे लागते; आणि एकदा उकरलेली माती पुन्हा बोलत नाही.