स्मृती आणि साक्ष : वायुसैनिक अँड्र्यू मिनार्स्की यांचे बलिदान (१९४४)

प्रस्तावना :
दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासलेखनात सेनापती, मोहिमा आणि तह यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. बॉम्बफेकी विमानांतून रात्रीच्या अंधारात शत्रुप्रदेशावर जाणाऱ्या तरुणांची नोंद मात्र प्रामुख्याने आकड्यांतच झाली. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमधील सुमारे १,२५,००० वायुसैनिकांपैकी ५५,५७३ जण मृत्युमुखी पडले. हे प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांपैकी एकाची स्मृती कोणत्या आधारावर टिकली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटनेचे स्वरूप :
अँड्र्यू मिनार्स्की यांचा जन्म १९१६ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे पोलंडहून स्थलांतरित झालेल्या कुटुंबात झाला. वडिलांच्या निधनानंतर घराला हातभार लावण्यासाठी ते चामडे कापण्याचे काम करीत. १९४१ मध्ये ते कॅनडाच्या हवाई दलात दाखल झाले.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. जर्मन सैन्याची रसद तोडण्यासाठी १२ जूनच्या रात्री फ्रान्समधील कांब्रे येथील रेल्वे यार्डावर हल्ला योजण्यात आला. त्यात मिनार्स्की यांच्या लँकेस्टर विमानावर जर्मन लढाऊ विमानाने मारा केला. विमान पेटले आणि वैमानिकाने सर्वांना उड्या घेण्याचा आदेश दिला. त्याच वेळी शेपटीकडील तोफची पॅट ब्रोफी आपल्या कक्षात अडकल्याचे मिनार्स्की यांना दिसले. ते ज्वाळांतून रांगत तेथे गेले. कुऱ्हाडीने आणि अखेर नुसत्या हातांनी त्यांनी कक्ष उघडण्याचा प्रयत्न केला. ब्रोफी यांनी परत जाण्याची खूण केली, तेव्हा ते मागे सरले, ताठ उभे राहिले, सलाम केला आणि जळत्या कपड्यांनिशी खाली उडी घेतली. जमिनीवर पोहोचल्यावर भाजल्याच्या जखमांनी त्यांचा अंत झाला. ब्रोफी मात्र विमान कोसळताना बाहेर फेकले जाऊन बचावले. सात जणांच्या चमूतील सहा जण वाचले.

साक्षीचे महत्त्व :
ब्रोफी यांच्या कथनामुळेच ही घटना अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये मिनार्स्की यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रोफी वाचले नसते, तर मिनार्स्की यांचे नाव मृतांच्या यादीतील केवळ एक ओळ ठरले असते. संपूर्ण चमूसह नष्ट झालेल्या विमानांत असे प्रसंग घडले नसतीलच, असे म्हणता येत नाही. ते सांगणारे कोणी उरले नाही. इंग्लंडमधील रनिमीड येथील १९५३ च्या स्मारकावर, ज्यांचे दफनस्थळ अज्ञात आहे अशा २०,००० हून अधिक वायुसैनिकांची नावे आहेत.

स्मरणातील पेच :
बॉम्बर कमांडचे राष्ट्रीय स्मारक लंडनमध्ये उभे राहण्यास २०१२ साल उजाडले. हँबुर्ग (१९४३) आणि ड्रेस्डेन (१९४५) येथील नागरिकांच्या भीषण संहारामुळे या दलाचा गौरव वादग्रस्त ठरला होता. लंडनच्या स्मारकावर या हल्ल्यांत मरण पावलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचाही उल्लेख आहे, ही बाब लक्षणीय आहे. धोरणाचे मूल्यमापन आणि सैनिकाच्या मृत्यूचा शोक या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकीसाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही.

समारोप :
मिनार्स्की यांचे थडगे फ्रान्समधील मेआरिकूर येथे आहे, तर त्यांच्या नावे ओळखले जाणारे लँकेस्टर विमान कॅनडातील हॅमिल्टन येथे जतन केले आहे. या स्मृतिचिन्हांमागे एका वाचलेल्या सोबत्याची साक्ष आहे. म्हणूनच पदके व स्मारके यांवरून शौर्याचे मोजमाप करताना, साक्षीदाराविना मेलेल्यांचे मौन हाही पुराव्याचाच भाग आहे, याचे भान इतिहासाच्या अभ्यासकाने ठेवणे आवश्यक ठरते.