एका विद्यार्थ्याचा उन्हाळी प्रवास : पत्र व काव्य यांचें तारतम्य

समकालीन पत्र श्रेष्ठ आणि मागाहून लिहिलेली बखर दुय्यम, हा नियम आतां संशोधकांच्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो तपासून पाहण्याची वेळ सहसा येत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या पुरुषाचें पत्र आपणांस सांपडतें त्यानें बखर लिहिलेली नसते, आणि ज्यानें बखर लिहिली त्याचीं पत्रें बहुधा वाळवीच्या मुखीं पडलेलीं असतात. एकाच माणसानें एकाच प्रवासाची हकीकत वाटेवर असतांना एकदां, चौदा वर्षांनीं दुसऱ्यांदा आणि सत्तावन्न वर्षांनीं तिसऱ्यांदा सांगितली, व तिन्हींचा मजकूर शाबूत राहिला, असा योग आमच्या पाहण्यांतील मराठी दफ्तरांत आम्हांस आढळला नाहीं. इंग्रजी वाङ्मयांत तो आहे. तेथील कवि विल्यम वर्ड्‌स्वर्थ यानें इ. स. १७९० च्या उन्हाळ्यांत, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत विद्यार्थी असतांना, फ्रान्स व आल्प्स पर्वत यांतून पायीं प्रवास केला, त्याची ही कथा होय. त्याच्या कवित्वाचें विवेचन करण्याचा आमचा अधिकार नाहीं व उद्देशहि नाहीं. तो येथें केवळ साक्षीदार म्हणून उभा आहे.

साक्षीदाराची ओळख थोडक्यांत अशी. जन्म ७ एप्रिल १७७०. आई लहानपणींच गेली. वडील १७८३ त वारले. वडिलांचें मोठें येणें अर्ल ऑफ लॉन्सडेल या उमरावाकडे अडकलें होतें, व तें तो उमराव १८०२ त मेल्यावरच सुटलें. तेव्हां पांचहि भावंडें आप्तांच्या आधारानें वाढलीं. १७८७ च्या ऑक्टोबरांत हा मुलगा कॉलेजांत दाखल झाला, तेव्हां आप्तांची अपेक्षा हीच कीं, यानें मानाची पदवी मिळवावी, फेलो व्हावें, आणि मग धर्मखात्यांत स्थिर व्हावें. केंब्रिज येथें मानाची पदवी म्हणजे त्या काळीं मुख्यतः गणिताची परीक्षा. ती १७९१ च्या जानेवारींत व्हावयाची होती. अर्थात् १७९० ची दीर्घ सुटी हा अभ्यासाचा अखेरचा काळ. नेमक्या त्याच सुटींत हा गृहस्थ आपल्याच कॉलेजांतील रॉबर्ट जोन्स नांवाच्या वेल्श मित्रास घेऊन, आप्तांस पुरतें न सांगतां, समुद्रापलीकडे निघून गेला. बहीण डॉरथी मामाच्या घरीं राहत होती. तिनें ६ ऑक्टोबर १७९० रोजीं आपल्या मैत्रिणीस लिहिलें कीं, हा बेत आधीं कळता तर आपणहि इतर स्नेह्यांप्रमाणें तो वेडेपणाचा व अशक्य कोटींतला ठरविला असता. आमच्या मतें या प्रकरणांतील हा पहिला बिनतोड कागद होय. कारण तो प्रवाशाचा नसून घरच्या माणसाचा आहे.

आतां प्रवाशाचे स्वतःचे कागद पाहूं. मुख्य पत्र ६ सप्टेंबर १७९० चें. तें कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठच्या केस्विल या खेड्यांतून डॉरथीस लिहिलेलें आहे. काव्य म्हणजे 'प्रेल्यूड' या आत्मचरित्रपर ग्रंथाचा सहावा सर्ग. त्याची रचना १८०४ ची. तिसरी हकीकत म्हाताऱ्या कवीनें १८४७ त तोंडानें सांगितली व ती लिहून घेण्यांत आली. शिवाय १७९३ त छापलेलें 'डिस्क्रिप्टिव्ह स्केचेस' हें काव्य व त्याची जोन्सला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका हीं आहेतच.

प्रथम एक क्षुल्लक गोष्ट घेऊं, कारण क्षुल्लक गोष्टींत माणूस मुद्दाम खोटें बोलत नाहीं. या दोघांनीं सामान कसें नेलें? १७९० च्या पत्रांत तो सांगतो कीं, दोघांचे कोट एकाच कापडाचे, मुद्दाम हलके शिवविलेले. हातांत ओकच्या काठ्या. आणि गांठोडीं डोक्यावर. त्यामुळें खेड्यांतून जातांना लोक यांच्याकडे पाहून हंसत. १७९३ च्या अर्पणपत्रिकेंत गाडींत लोळणारे सोबती व पायीं चालणारे सोबती यांची तुलना आहे, व तेथें पायीं चालणाऱ्यांच्या खांद्यावर पाठपिशव्या आहेत. १८४७ त तो म्हणतो, पाठपिशवी मुळींच नव्हती. जरुरीच्या चिजा एका हातरुमालांत बांधल्या होत्या व प्रत्येकाच्या खिशांत सुमारे २० पौंड होते. (हा रुमाल खिशांतला, आमच्या वाचकांच्या परिचयाचा दफ्तरखान्यांतला नव्हे.) म्हणजे सत्तावन्न वर्षांत गांठोडें डोक्यावरून खांद्यावर आलें आणि खांद्यावरून हातांत उतरलें! काठी मात्र पत्रांत आहे तशीच म्हाताऱ्याच्या आठवणींतहि टिकली. डोक्यावर गांठोडें घेतलेला केंब्रिजचा विद्यार्थी हें चित्र वीस वर्षांच्या मुलास बहिणीला हंसविण्यासाठीं पुरेसें वाटलें. छापील अर्पणपत्रिकेंत तें शोभलें नसतें. येथें पत्राचाच शब्द प्रमाण मानला पाहिजे, याविषयीं दुमत होऊं नये.

१३ जुलै रोजीं दोघे डोव्हरहून कॅले येथें उतरले. दुसरा दिवस १४ जुलै, म्हणजे बास्तील पाडल्याचा पहिला वार्षिक दिवस. त्या दिवशीं राजा नव्या राज्यघटनेस निष्ठेची शपथ वाहणार होता. गांवोगांव तोरणें लागलीं होतीं व नाच चालले होते. पुढें सोन नदींत नावेवर पॅरिसच्या समारंभाहून परतणारे प्रतिनिधि भेटले व त्यांच्या मेजवानींत हे इंग्रज पाहुणे मानानें बसले, ही हकीकत काव्यांतली. पत्रांत फ्रेंच लोकांच्या आदरशीलपणाची स्तुति आहे व त्यांच्या तुलनेनें स्विस लोक फिके पडतात असें म्हटलें आहे. परंतु तेथेंच हा पोरगा बहिणीला बजावतो कीं, सारें राष्ट्र क्रांतीच्या आनंदानें वेडें झालें असतां आम्ही तेथून गेलों, हें लक्षांत ठेव. आपल्या साक्षीची मर्यादा साक्षीदारानें स्वतःच घालून द्यावी, हें दुर्मिळ आहे. आमच्या अखबारनविसांपैकीं किती जणांनीं असें लिहिलें आहे, हें वाचकांनीं आपल्या संग्रहांत शोधून पाहावें.

ऑगस्टांत ते साव्हॉय प्रांतांतून जिनीव्हाकडे गेले. येथें मराठी वाचकास थोडें थांबावेंसें वाटेल. महादजी शिंद्यांच्या कवायती कंपूंचा सेनानी डिबॉइन हा याच साव्हॉयमधील शांबेरीचा. जन्म १७५१ चा. हे दोन विद्यार्थी त्याच्या जन्मप्रांतांतून चालत होते तेव्हां तो राजपुतान्यांत होता. पाटणची लढाई २० जून १७९० रोजीं झाली होती आणि मेडत्याची १० सप्टेंबरास, म्हणजे केस्विलच्या पत्रानंतर अवघ्या चार दिवसांनीं व्हावयाची होती. पुढें डिबॉइन अपार संपत्ति घेऊन शांबेरीस परतला व १८३० त तेथेंच वारला. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध कांहीं नाहीं. पण तारखा जुळवीत बसणाऱ्यांस अशा गांठींत आनंद होतो, व तो आम्हीं लपवीत नाहीं. असो.

साव्हॉयमध्यें शिरण्यापूर्वीं ते ग्रांद शार्त्र्यूझ या डोंगरांतील प्रसिद्ध मठाच्या परिसरांत दोन दिवस राहिले. पत्रांत त्या देखाव्याविषयीं नुसता आनंद आहे. १८०५ च्या हस्तलिखितांतहि उल्लेख त्रोटकच आहे. परंतु कवीच्या मृत्यूनंतर १८५० त जो 'प्रेल्यूड' छापला गेला, त्यांत याच ठिकाणीं शिपाई मठवासीयांस हुसकून लावण्यास आलेले दिसतात. मठ सक्तीनें रिकामा करविण्यांत आला तो १७९२ च्या ऑक्टोबरांत. तेव्हां १७९० च्या ऑगस्टांत हा प्रवासी तो प्रसंग डोळ्यांनीं पाहूं शकत नव्हता. मग हा मजकूर आला कोठून? त्याचें बीज १७९३ च्या काव्यांत आहे. त्याचा विस्तार १८०८ च्या एका अपुऱ्या काव्याच्या खर्ड्यांत आहे. आणि तेथून कांहीं ओळी उचलून त्या 'प्रेल्यूड'मध्यें बसविल्या आहेत. १९२६ त डी सेलिंकोर्ट यानें १८०५ ची संहिता हस्तलिखितांवरून प्रसिद्ध करून ती १८५० च्या संहितेसमोर ठेवली, म्हणून हा सांधा सर्वांस दिसला. प्रक्षेप म्हटला कीं आपण परक्या लेखकाचा, कारकुनाचा अथवा वंशजाचा संशय घेतों. येथें प्रक्षेपकर्ता स्वतः ग्रंथकार आहे, व त्याच्या हेतूंत लबाडीचा लेशहि नाहीं. पुढें घडलेल्या गोष्टीची छाया त्याच्या मागल्या आठवणीवर पडली, एवढेंच.

सिंप्लॉन घाटाची गोष्ट याच्या उलट आहे. पत्रांत त्या घाटावरून आल्प्स ओलांडून इटलींत उतरल्याचें वाक्यापुरतें येतें. विशेष कांहीं घडल्याची सूचना नाहीं. काव्यांत मात्र असें आहे कीं, दुपारचें जेवण झाल्यावर बरोबरचे खेचरवाले पुढें निघून गेले. हे दोघे रेंगाळले. मग ओढ्यापाशीं आल्यावर समोरच्या डोंगरावर चढणारी पायवाट त्यांनीं धरली. बरेंच चढल्यावर एक शेतकरी भेटला व त्यानें सांगितलें कीं, परत खालीं जा आणि ओढ्याच्या कांठानें उतरत राहा. आल्प्सचा माथा आपण न कळत केव्हांच ओलांडला, हें त्यांस तेव्हां उमगलें. केवळ पत्रच श्रेष्ठ मानावयाचें तर ही सगळी हकीकत १८०४ ची कल्पना म्हणून टाकून द्यावी लागेल. पण १८२० त कवि, त्याची पत्नी व डॉरथी हीं पुन्हा त्या घाटानें गेलीं. डॉरथीच्या प्रवासवृत्तांतांत नोंद आहे कीं, तीस वर्षांपूर्वीं भुरळ पाडणारी तीच पायवाट भावानें ओळखली व तो फार हलला. स्थलदर्शनाचा पुरावा म्हणतात तो हाच. मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे : 'प्रेल्यूड'च्या शुद्ध प्रती तयार करण्यांत डॉरथीचा स्वतःचा हात होता. काव्यांतील वाट तिला जवळजवळ पाठ होती. तेव्हां तिची साक्ष सर्वस्वीं स्वतंत्र नव्हे. तरीहि वाट ओळखली ती तिनें नव्हे, भावानें. आणि वाट चुकण्यासारखी साधी गोष्ट कोणी रचून सांगत नाहीं. घटना खरी, असा आमचा निर्णय आहे. त्या घटनेवर काव्यांत जें चिंतन आहे तें मात्र १८०४ च्या मनाचें; तें १७९० च्या खात्यांत जमा करूं नये. पत्रांत मौन कां? आमचा तर्क असा कीं, ज्या प्रवासास घरचे वेडेपणा म्हणणार हें ठाऊक होतें, त्यांत वाट चुकल्याचें मामाच्या घरीं जाणाऱ्या पत्रांत कोण लिहील?

या ठिकाणीं वरसईच्या विष्णुभट गोडशांचें स्मरण होणें साहजिक आहे. ते १८५७ त द्रव्यार्जनासाठीं उत्तरेस निघाले आणि 'माझा प्रवास' लिहिला १८८३ त. चिं. वि. वैद्य यांनीं तो १९०७ त छापला तो हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम मजकूर द. वा. पोतदार यांनीं १९६६ त बाहेर आणला. डी सेलिंकोर्टनें जें काम तेथें केलें तेंच हें. परंतु विष्णुभटजींनीं वाटेंतून घरीं घातलेलें एखादें पत्र आमच्या हातीं नाहीं, आणि म्हणून त्यांच्या हकीकतींत कोठें डोक्यावरचें गांठोडें खांद्यावर आलें, हें आपणांस सांगतां येत नाहीं. आमचे संग्राहक मोर्तबाचा कागद चटकन् उचलतात. 'सुखरूप आहों, काळजी न करणें' एवढाच मजकूर असलेला घरगुती कागद रद्दींत जातो. शिकावयास गेलेल्या मुलांचीं पत्रें तर कोणी मोजीतच नाहीं.

परतीच्या वाटेचा उलगडा पुन्हा तुकड्यांनींच करावा लागतो. बाझल येथें या दोघांनीं एक होडी विकत घेतली व ऱ्हाइन नदीनें ते कलोनपर्यंत उतरले. काव्याच्या सहाव्या सर्गांत या नदीप्रवासास स्थान नाहीं. १८२० च्या सफरीनंतर छापलेल्या एका सुनीताच्या मथळ्यांत मात्र तीस वर्षांपूर्वींचा जलप्रवास म्हणून त्याचा उल्लेख आहे. ऑक्टोबरांत कॉलेज पुन्हा सुरू झालें. पर्वतांचें वर्णन शेंकडों ओळींत करणारा कवि परतल्यानंतरच्या कॉलेजच्या दिवसांस दोनतीन ओळींत निरोप देतो. त्या महिन्यांविषयींची बोलकी नोंद त्याच्या पुतण्यानें १८५१ त प्रसिद्ध केलेल्या चरित्रांत आहे : पदवीच्या परीक्षेपूर्वींचा आठवडा त्यानें रिचर्ड्‌सनची 'क्लॅरिसा' ही अवाढव्य कादंबरी वाचण्यांत घालविला. ही नोंद साठ वर्षांनंतरची व नातलगाची असली तरी, मान राखण्यासाठीं लिहिलेल्या चरित्रांत मानहानिकारक गोष्ट आली असल्यामुळें ती आम्ही विश्वसनीय मानतों.

१७९१ च्या जानेवारींत त्यास मानाविना साधी पदवी मिळाली. फेलोशिपची वाट त्यामुळें बंद झाली. जोन्स मात्र पुढें त्याच कॉलेजचा फेलो झाला व धर्मखात्यांत गेला; म्हणजे मामांनीं भाच्यासाठीं योजिलेला मार्ग बरोबरच्या सोबत्यानें पुरा केला. त्याच वर्षीं उन्हाळ्यांत वर्ड्‌स्वर्थ जोन्सच्या घरीं वेल्समध्यें जाऊन राहिला, आणि दोघे पुन्हा काठ्या घेऊन बाहेर पडले. स्नोडन पर्वतावर त्यांनीं रात्रीं केलेली चढाई 'प्रेल्यूड'च्या अखेरच्या सर्गांत आली आहे.