मूल लैंगिक अत्याचाराबद्दल सांगते तेव्हा: काय विचारावे, काय टाळावे

आपल्या मुलावर अत्याचार झाल्याची शंका येताच पालक घाबरून प्रश्नांचा भडिमार करतात. तो टाळा. मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली हकीकत हाच अनेकदा मुख्य पुरावा असतो.

बोलताना

"काकांनी इथे हात लावला का?" या प्रश्नात उत्तर आधीच दडलेले आहे. मोठ्यांना हवे ते उत्तर देण्याकडे लहान मुलांचा कल असतो. तेच पुन्हा विचारले, तर आपले उत्तर चुकले असे वाटून ती ते बदलतात. मग न्यायालयात 'मुलाला पढवले' असा आक्षेप येतो.

• "काय झालं, सांगशील?" एवढेच विचारा. मूल गप्प झाले तर थांबा.
• "सांगितलंस ते चांगलं केलंस. तुझी काही चूक नाही," हे आवर्जून सांगा.
• त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा.
• "कुणालाच सांगणार नाही" असे वचन देऊ नका. पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही.

मूल तुकड्यातुकड्याने सांगते, कधी सांगितलेले नाकारतेही. तेवढ्यावरून ते खोटे बोलते असे ठरवू नका.

तपासणी

घटना नुकतीच घडली असेल, तर अंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. लगेच रुग्णालयात या. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. दिवस उलटले असले तरी उपचारांसाठी याच.

तक्रार नोंदवलेली नसली तरी तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत थांबू शकते. प्रथमोपचार खासगी रुग्णालयातही मोफत मिळतात. तपासणीत जखम दिसली नाही, म्हणून अत्याचार झालाच नाही असे होत नाही. बऱ्याच मुलांच्या अंगावर खूण नसते.

जबाब

जबाब घरी किंवा मुलाला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून. पोलीस गणवेशात नसावेत. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. भाषेची किंवा बोलण्याची अडचण असेल, तर दुभाषा वा विशेष शिक्षक मागा. आरोपी मुलासमोर येणार नाही, याची काळजी पोलिसांनी आणि न्यायालयाने घ्यायची असते.

मदतीसाठी १०९८ वर फोन करा. तातडीच्या वेळी ११२. झोप उडणे, अंथरूण ओले होणे, शाळेला नकार असा त्रास दिसला, तर खटला संपायची वाट न पाहता समुपदेशन सुरू करा.