प्राध्यापक देवधर : वर्गांतले आणि मैदानावरले



सावित्रीच्या खोऱ्यांत महाडची औद्योगिक वसाहत आहे. तेथें कारखान्यांत पाळीनें राबणाऱ्या एखाद्या गृहस्थास सुट्टीच्या दिवशीं पोरांबरोबर खेळावयास बोलावलें, तर बहुधा तो हंसून म्हणेल, "आतां आमचें कां खेळण्याचें वय आहे?" घरोघरीं ऐकूं येणाऱ्या या प्रश्नाचें उत्तर पुण्याच्या एका संस्कृतच्या प्राध्यापकानें फार वर्षांपूर्वीं देऊन ठेविलें आहे. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजीं पुण्यांत झाला. त्या काळीं क्रिकेट हा गोऱ्या साहेबांचा, संस्थानिकांचा आणि मुंबईच्या जातवार जिमखान्यांचा खेळ होता. पुण्याच्या युरोपियन क्लबांत पळवणकर बाळू यांच्यासारखा असामान्य गोलंदाज मैदानाची निगा राखण्याच्या नोकरीवर होता. साहेबांच्या सरावासाठीं त्यानें तासन् तास चेंडू टाकावे. पण बॅट त्याच्या हातीं कोणी देत नसे. गुणाला जागा मिळणें जेथें इतकें दुर्घट, तेथें सामान्य घरच्या मुलानें खेळ शिकावा कोठें? या प्रश्नाला हळूहळू एक उत्तर मिळूं लागलें, तें म्हणजे महाविद्यालयाचें मैदान.

शिक्षण प्रसारक मंडळीनें १९१६ सालीं पुण्यांत न्यू पूना कॉलेज काढलें. तेंच पुढें सर परशुरामभाऊ महाविद्यालय झालें. देवधर तेथें संस्कृत शिकवीत. संस्थानिकांना परदेशीं शिक्षक आणणें परवडे. एका संस्थानिकानें तर ऑस्ट्रेलियाचा विख्यात गोलंदाज ग्रिमेट यास बोलावून घेतलें होतें. महाविद्यालयाच्या गांठीं असा पैसा कोठून असणार? तेथें ज्यास खेळ येई त्यानें स्वतः खेळून दाखवावें, हीच शिकविण्याची रीत.

देवधर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत उतरले १९११ सालीं. १९२६ च्या डिसेंबरांत गिलिगन यांचा एम. सी. सी. संघ मुंबईस आला. त्याच्याविरुद्ध हिंदूंच्या संघाकडून सी. के. नायडू यांनीं १५३ धांवा केल्या, आणि मागोमाग अखिल भारतीय संघाकडून देवधरांनीं १४८. हिंदी खेळाडू इंग्रजांच्या पंक्तीस बसण्याच्या योग्यतेचे आहेत, अशी गिलिगन यांची खात्री पटली. १९२८ सालीं क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें आणि १९३२ च्या जूनमध्यें लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

परंतु त्या संघांत देवधर नव्हते. त्यांनीं चाळिशी गांठली होती. वय झालें, असें निवडणाऱ्यांनीं ठरविलें. ज्या दारासाठीं पायऱ्या बांधण्यास त्यांनीं हातभार लाविला, तें दार उघडलें तेव्हां त्यांनाच बाहेर राहावें लागलें. एकही कसोटी सामना त्यांच्या वांट्यास आला नाहीं.

दुसरा कोणी असता तर बॅट खुंटीला टांगून काव्यशास्त्रविनोदांत रमला असता. देवधर खेळत राहिले. १९३४ सालीं रणजी करंडकाच्या स्पर्धा सुरू झाल्या. महाराष्ट्राच्या संघाचें नेतृत्व त्यांच्याकडे आलें आणि १९३९–४० व १९४०–४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें हा करंडक महाराष्ट्रानें जिंकला. पहिल्या खेपेस संयुक्त प्रांतावर, दुसऱ्या खेपेस मद्रासवर मात करून. त्या वेळीं कर्णधाराचें वय अनुक्रमें ४८ व ४९ होतें! भोवतीं होते विजय हजारे आणि रंगा सोहोनी यांच्यासारखे तरुण. बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा काढून हजारे यांनीं रणजी स्पर्धेंतील पहिलें त्रिशतक झळकविलें, तें याच संघांत.

दुसऱ्या वर्षीं मुंबईशीं झालेला सामना तर लक्षांत राहावा असाच. महाराष्ट्राच्या ६७५ धांवा झाल्या, मुंबईच्या ६५०. अवघ्या २५ धांवांच्या आघाडीवर सामना मिळाला, आणि त्यांत २४६ धांवा एकट्या कर्णधाराच्या होत्या. पुढें १९४४ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत त्यांनीं १०५ आणि १४१ अशीं दोन शतकें काढलीं.

कोणी म्हणेल, हा खेळाडूचा पराक्रम झाला. यांत शिक्षकाचें काय? मला वाटतें, शिक्षकाचें सारें यांतच आहे. पवित्रा आणि फटका हे तोंडानें सांगतां येतात. पण दिवसभर उन्हांत टिकून कसें राहावें, अपमान गिळून दुसऱ्या दिवशीं सरावास वेळेवर कसें यावें, हें ज्याचें त्यानें आचरूनच दाखवावें लागतें. विसांपंचविसांतल्या मुलांनीं आपला पन्नाशीकडे झुकलेला कर्णधार धांव घेतांना पाहिला, हाच त्यांचा धडा. आणि हा धडा मैदानापुरता राहिला नाहीं. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनीं बॅडमिंटनमध्यें राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. मुलींनीं मैदानावर उतरणें ज्या काळीं नवलाचें वाटे, त्या काळचीं हीं उदाहरणें आहेत.

१९४८ पर्यंत, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आधींपासून दुसऱ्याच्या नंतरपर्यंत, देवधर मोठ्या सामन्यांत खेळले. १९७३ सालीं त्यांच्या नांवानें देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. १९९१ सालीं सरकारनें पद्मभूषण दिलें. २४ ऑगस्ट १९९३ रोजीं, वयाची शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

त्यांना नाकारणाऱ्या निर्णयाशीं ते वाद घालीत बसले नाहींत. त्यांनीं धांवा केल्या. महाडच्या त्या गृहस्थानें पुढल्या सुट्टीस पोरांनीं हांक मारली म्हणजे एवढेंच आठवावें, कीं करंडक हातीं आला तेव्हां प्राध्यापकमजकूर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि वर्गावरची नोकरी त्यांनाही होतीच.