जर्मन काटे-चमचे : मोडीत देण्यापूर्वी छाप वाचा

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातील गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचे काम करतात. वस्तू एकदा मुशीत गेली की तिची घडण व कारखान्याची खूण नाहीशी होते; उरते ते केवळ धातूचे वजन. म्हणूनच जुन्या घरांतील जर्मन बनावटीचे काटे-चमचे मोडीत देण्यापूर्वी त्यांच्या दांड्यामागील छाप वाचणे हिताचे ठरते.

मराठी बोलीत 'जर्मनची भांडी' म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. 'जर्मन सिल्व्हर' मात्र तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू होय. त्यात चांदी नसते. काटे-चमच्यांवर वीजप्रवाहाच्या साहाय्याने तिचा मुलामा चढवला जातो.

छापातील आकडा येथे महत्त्वाचा. '८००' हा आकडा आणि त्यासोबत चंद्रकोर व मुकुट असल्यास वस्तू ८० टक्के शुद्धतेची अस्सल चांदीची असते. ही पद्धत जर्मनीत १८८८पासून अमलात आली. '९०' हा आकडा मात्र शुद्धतेचा नव्हे. बारा मोठे चमचे व बारा काटे यांना मिळून ९० ग्रॅम चांदीचा मुलामा, असा त्याचा अर्थ. म्हणजे नगामागे जेमतेम पावणेचार ग्रॅम! तीही वापराने झिजलेली. तेव्हा 'नव्वद टक्के चांदी' समजून व्यवहार करणारा फसतो.

कारखाना चिन्हावरून ओळखता येतो. १८८०मध्ये दोन कारखान्यांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या 'डब्ल्यूएमएफ'च्या जुन्या मालावर चौकटीतील शहामृग आढळतो. अस्वलाचे चिन्ह बेर्नडॉर्फचे. हा कारखाना मात्र ऑस्ट्रियातील.

नमुना ओळखण्यासाठी दांड्याचे टोक पाहावे. फावड्यासारखे साधे टोक असलेला 'श्पाटेन', कडेने दोऱ्यासारखी रेघ असलेला 'फाडेन' हे लोकप्रिय नमुने अनेक कारखाने काढत. त्यामुळे केवळ नक्षीवर विसंबू नये. चिन्ह, लांबी व दांड्याचा आकार कारखान्याच्या जुन्या सूचिपत्राशी ताडून पाहावा.

छाप अस्पष्ट असल्यास राखेने घासू नये. मुलाम्यासह खूणही पुसली जाते. मऊ फडक्याने पुसून भिंगाखाली पाहणे पुरेसे. मुलाम्याच्या वस्तूचे मोल तिच्या चांदीत फारसे नसते; ते असते पूर्ण संचात. कारखाना आणि नमुना कळला, तरच संचातील हरवलेला नग शोधता येतो.